बॉम्ब पडल्यावर आधी पत्र शोधा

मोठ्या देशाने कुठंतरी हल्ला केला की 'आंतरराष्ट्रीय कायदा मेला' असं स्टेटस टाकायची घाई नको. मेला की नुसता वाकवला हे आपल्यालाही बघता येतं, त्यासाठी वकील असायला लागत नाही, थोडा पेशन्स हवा बस.

आधी पत्र शोधायचं. युनोच्या सनदेत कलम २(४) म्हणतं दुसऱ्या देशावर बळ वापरायचं नाही, आणि पळवाटा दोनच, सुरक्षा परिषदेची परवानगी नाहीतर कलम ५१ म्हणजे स्वसंरक्षण. ५१ लावलं की परिषदेला लगेच कळवायचं असतं, त्यामुळे बहुतेक वेळा पत्र जातं आणि ते नेटवर वाचायला मिळतं. टीव्हीवर नेता काय गरजला ते सोडा, पत्रात काय टाइप केलंय ते धरा.

उदाहरणार्थ २० मार्च २००३ चं अमेरिकेचं इराकवरचं पत्र घ्या. मुख्य आधार काय तर ठराव ६७८, आणि तो नोव्हेंबर १९९० चा, कुवेत सोडवायचा! मी तो पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं चुकीची पीडीएफ डाउनलोड झाली की काय. पण नीट वाचलं की शेपटाला सापडतं, त्या भागात शांतता आणि सुरक्षितता परत आणण्यासाठी असे शब्द आहेत, त्या चार शब्दांवर बारा वर्षांनी अख्खं युद्ध टांगलं. मधे २००२ चा १४४१ होता, १५-० ने पास झालेला, पण त्यात 'गंभीर परिणाम' एवढंच, हल्ला करा असं कुठंच नाही. तर पत्रात ठरावाचा नंबर दिसला की मूळ ठराव उघडायचा आणि तारीख बघायची, हे एवढं केलं तरी निम्मं काम झालं.

मग बाकीचे देश काय बोलले ते मोजा, कारण रूढ कायदा देश काय करतात आणि काय कायदेशीर मानतात यावरून बनतो. १९८३ ला अमेरिकेने ग्रेनाडावर केलेल्या हल्ल्याविरुद्ध युनोच्या आमसभेत १०८ विरुद्ध ९ मतं पडली, १९८९ ला तिच्याच पनामावरच्या हल्ल्याच्या वेळी ७५ विरुद्ध २०. सहा वर्षांत ओरडणारे ३३ कमी झाले. मला तर हल्ल्यापेक्षा ही गप्प बसणारी मंडळी जास्त खटकतात.

कॉपी कोण मारतंय तेही बघायचं. १९९९ ला नाटोने परिषदेला न विचारता ७८ दिवस युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकले आणि वर सांगितलं की ही केस वेगळी आहे. २४ फेब्रुवारी २०२२ चं पुतिनचं भाषण वाचा, आधी बेलग्रेड (युगोस्लाव्हियाची राजधानी) मग इराक असं उगाळलंय आणि शेवटी आपल्या हल्ल्याला कलम ५१ लावलंय.

आंतरराष्ट्रीय कोर्टाकडून फार अपेक्षा ठेवू नका. निकाराग्वाने तिथे टाकलेल्या केसमध्ये अमेरिका १९८६ ला हरली आणि निकाल पाळा म्हणणाऱ्या सुरक्षा परिषदेतल्या ठरावावर तिनेच व्हेटो टाकला. पण त्या निकालात एक भारी मुद्दा आहे, देश नियम मोडून वर अपवादाची सबब सांगतो तेव्हा तो नियम मान्यच करत असतो. म्हणून सबब फालतू असली तरी नोंदवून ठेवा, आणि एखाद्या हल्ल्यानंतर सबबसुद्धा आली नाही तर ती तारीख वेगळ्या पानावर लिहा.