मठाच्या धान्यकोठाराचा छेद कसा काढावा

इंग्लंडमधील मध्ययुगीन मठांच्या धान्यकोठारांची छायाचित्रे पाहताना नजर प्रथम जाड दगडी भिंतींवर जाते. मात्र छेद, म्हणजे इमारत मधून आडवी कापली तर दिसेल ते चित्र, काढायला बसणाऱ्याने भिंती सर्वांत शेवटी काढाव्यात, कारण ही इमारत मुळात सुताराची आहे आणि गवंडी तिथे नंतर येतो.

इंदूरच्या रामबागेत ज्या वाड्यात मी लहानाचा मोठा झालो, तिथे सोप्याची लांबी फुटांत कोणी सांगत नसे. सोपा पाच खणांचा, माजघर तीन खणांचे, असेच बोलले जाई; खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. हीच सवय येथे उपयोगी पडते. कोठाराचा आराखडा समोर घ्यावा आणि आधी खण मोजावेत. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथील शाफ्ट्सबरी मठाचे कोठार १६८ फूट लांब व १४ खणांचे आहे, म्हणजे खण सरासरी १२ फुटांचा पडतो. हार्मंड्सवर्थचे कोठार १९२ फूट लांब व १२ खणांचे, म्हणजे तिथे खण १६ फुटांचा. (हे दुसरे कोठार मठाचे नसून विंचेस्टर कॉलेजचे आहे आणि ते १४२५ ते १४२७ या काळात बांधले गेले, बांधणीची तुलना करण्यासाठी मात्र ते उत्तम आहे.)

छेदासाठी मी ग्रेट कॉक्सवेलचे कोठार सुचवीन. ते ब्यूली येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाच्या शेतवाडीवर उभे असून त्याचे लाकूड सुमारे १२९२ सालचे आहे. लांबी १५२ फूट, रुंदी ४४ फूट आणि आढ्याची उंची ४८ फूट धरावी. १:१०० या प्रमाणात छेदाची रुंदी साडेतेरा सेंटिमीटरांच्या आसपास येते, त्यामुळे साधा कागद पुरतो.

माझा पहिला छेद चुकला होता, कारण मी छपराचा सगळा भार भिंतींवर टाकला होता. प्रत्यक्षात आत ओकच्या खांबांच्या दोन रांगा आहेत. त्यांच्यामुळे मधे रुंद मार्ग आणि दोन्ही कडांना अरुंद पाखाड्या, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, तयार होतात. म्हणून आधी मध्यरेषा, मग तिच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर खांब, असा क्रम ठेवावा. खांबाचा पाय जमिनीवर टेकवू नये. आपल्या वाड्यात तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, वीतभर उंच असतो. येथे तो जवळजवळ सात फूट उंच आहे, म्हणजे उभा माणूस हात वर करील तेव्हा कुठे त्याच्या बोटांना लाकूड लागेल. जमिनीची ओल आणि गाड्यांचे धक्के लाकडापर्यंत पोहोचू नयेत, एवढा विचार त्या दगडात आहे.

आता खांबाचे डोके काढावे आणि येथे घाई करू नये. आडवी तुळई, लांबीच्या दिशेने धावणारी तुळई आणि खांब अशी तीन लाकडे एकाच ठिकाणी भेटतात. तिघांच्या साली (खाचा) आणि कुसा (खाचेत बसणारी टोके) बसवायच्या तर तिथे लाकूड भरपूर हवे. म्हणून अशा अनेक कोठारांत झाड उलटे उभे केलेले आढळते: बुंध्याचा रुंद भाग वर, शेंडा खाली. सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या असतात. तिरके टेकू, मग वासे आणि आढे ही रेषा त्यानंतर सहज येते. ब्रॅडफर्डला मात्र जमिनीवर असे खांब नाहीत. तिथे वाकलेली मोठी लाकडे भिंतीतून निघून वर जातात, म्हणून त्याचा छेद वेगळा काढावा.

दारे समजण्यासाठी पीक आठवावे. माळव्यात गहू फाल्गुन-चैत्रात कोरड्या हवेत निघतो, म्हणून आपले खळे उघड्यावर असते. तिकडे कापणी उन्हाळ्याच्या अखेरीस होते आणि पावसाचा भरवसा नसतो. म्हणून पेंढ्याच आत रचून ठेवत आणि मळणी हिवाळाभर छपराखाली चाले. समोरासमोरच्या दोन मोठ्या दारांमधली जागा हेच खळे. दोन्ही दारे उघडली की आरपार वारा येई आणि उफणणी होई.

शेवटी भिंती काढाव्यात. त्यांतल्या हवेच्या फटी बाहेरून अरुंद आणि आत पसरट दाखवाव्यात. ग्रेट कॉक्सवेलच्या टोकांच्या भिंतींतली दारे १८व्या शतकातली आहेत. मूळ कोठाराच्या चित्रात तिथे सलग दगडच भरावा.