ऑफिसची मंडळी घेऊन गडावर कचरा वेचायला जाताना

पहिल्यांदा आम्ही ऑफिसमधले २५ जण सिंहगडावर गेलो, तेव्हा सगळं झकास झालं होतं. आतकरवाडीच्या वाटेनं उतरता उतरता १४ पोती भरली, पायथ्याला रचली, फोटो काढले आणि भजी खाऊन घरी आलो. आठवड्यानं मी सहज पुन्हा गेलो तर पोती तिथंच! गुरांनी, कुत्र्यांनी फाडलेली आणि निम्मा कचरा वाऱ्यानं ओढ्यात. वर विखुरलेली घाण आम्ही मेहनतीनं खाली आणून एका जागी ओतली होती, एवढंच.

म्हणून आता सुरुवात शेवटापासून करतो.

आधी ठरवा, पोती कुठे जाणार

तारीख, टीशर्ट, नाश्ता हे सगळं नंतर. पायथ्याच्या गावात घंटागाडी येईलच असं धरून चालू नका, आली तरी तुमची १४ पोती ती घेईलच असं नाही. आम्ही एक छोटा टेम्पो ठरवतो आणि माल शहरात आणतो. पाण्याच्या बाटल्या, पत्र्याचे डबे, न फुटलेल्या काचेच्या बाटल्या भंगारवाला घेतो. वेफर्सची पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या तो हातातही धरत नाही, कारण प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना चिकटलेले असल्यानं त्यांना भावच नसतो. (राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. वाटेवर वाकल्यावर तसं अजिबात वाटत नाही.) या मालाचं काय करायचं ते महापालिकेच्या आरोग्य कोठीत किंवा पुण्यातल्या ‘स्वच्छ’सारख्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी आधी बोलून ठेवा. ‘तिथंच पेटवून टाकू’ असं सुचवणारा एकजण प्रत्येक टोळीत असतो. त्याच्या हातातली काडेपेटी काढून घ्या. वाळलेल्या गवतात वणवा लागायला वेळ लागत नाही.

परवानगी आणि पाहणी

गडाभोवतीचं जंगल वन खात्याचं, जुनं बांधकाम अनेक ठिकाणी पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत. तारीख, माणसांची संख्या, नेमकी वाट आणि जबाबदार माणसाचा फोन लिहून साधं पत्र द्या. सरपंचांनाही भेटा. मग दोघांनी एकदा वाट चालून यायचं. ताक आणि लिंबूसरबत विकणाऱ्या मावश्यांशी पाच मिनिटं बोललात, तर बाटल्या कोणत्या वळणावरून खाली भिरकावल्या जातात ते नेमकं कळतं.

दिवस निवडताना एचआरचा हट्ट ५ जूनचा असतो, पर्यावरण दिन म्हणून. सह्याद्रीत तेव्हा एकतर अंग भाजतं किंवा पहिल्या पावसानं वाट निसरडी झालेली असते. पावसाळ्यात गवतात कचरा दिसत नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम, गवत वाळून बसलेलं असतं आणि आतलं सगळं उघडं पडतं.

माणसं

येणारा स्वखुशीनं आला पाहिजे. साहेबांनी हजेरी घेतली की ती कवायत होते. शक्य तर कामाचा दिवस मागून घ्या, माणसांचा रविवार खाऊन सेवा करवून घेण्यात मजा नाही. आणखी एक गोष्ट हिशेब खात्याला आधीच सांगा: कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली सामाजिक कामावर (सीएसआर) खर्चायच्या दोन टक्के नफ्यात कर्मचाऱ्यांच्या श्रमाचे तास पैशात मोजून धरता येत नाहीत. पुढची कुरकुर वाचते. फ्लेक्स तर नकोच. कचरा वेचायला जाताना प्लास्टिकचं कापड छापून नेणाऱ्यांना काय म्हणावं?

सामान

काळ्या पातळ पिशव्या करवंदीच्या जाळीत दहा पावलांत फाटतात. त्यापेक्षा सिमेंटची किंवा धान्याची रिकामी पोती न्या. रबराचा लेप असलेले हातमोजे, लांब चिमटे, बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाण्याचे मोठे जार आणि ज्याची त्याची बाटली. फुटक्या काचेसाठी जाड पत्र्याचा डबा वेगळा ठेवा, ती पोत्यात टाकली की उचलणाऱ्याच्या मांडीत घुसते. प्रथमोपचाराची पेटी हवीच.

प्रत्यक्ष काम

सकाळी साडेसहाला चढायला लागा, रिकामी पोती घेऊन. वेचायचं उतरताना, म्हणजे भरलेलं ओझं वर न्यावं लागत नाही. तिघांची जोडणी करा: दोघं वेचणार, एक पोतं धरणार, अर्ध्या तासानं अदलाबदल. प्रत्येक तिघांना वाटेचा ठरलेला तुकडा द्या. साडेदहाला काम थांबवा, मग कितीही दिसत असलं तरी.

काही गोष्टी निघण्याआधी ठणकावून सांगा. दरीच्या उतारावर कुणी उतरायचं नाही, ते दोर लावून काम करणाऱ्या गिर्यारोहकांचं काम आहे. दगड उलथायचे नाहीत, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. आग्या मोहोळ दिसलं तर गप्प लांबून जायचं. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. पडलेली बाटली आधी चिमट्यानं हलवून बघायची. आणि खापराचे तुकडे, जुन्या विटा, चुन्याचे गोळे जागेवरच ठेवायचे. आमच्या एका उत्साही सहकाऱ्यानं अशी खापरं पोतंभर वेचली होती, ती परत नेऊन ठेवताना त्याची दुसरी चढाई झाली. देवळाजवळचं निर्माल्य पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय उचलू नका.

खाली आल्यावर

पायथ्याला ताडपत्री पसरून लगेच वर्गवारी करा. घरी गेल्यावर करू म्हटलं की ती होत नाही. बाटल्या, काच, धातू, वेफर्स-गुटख्याची पाकिटं, चपला-कपडे असे ढीग लावा. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करा, म्हणजे पुढे हाताळणाऱ्याला उघडावं लागत नाही. ताणकाट्यावर प्रत्येक ढिगाचं वजन करून वहीत लिहा, सोबत वाटेचा तुकडाही. आमच्या वहीत एकाच वळणावर बाटल्या सगळ्यात जास्त निघाल्या, तेव्हा तिथल्या दुकानवाल्यांशी बोलून पिंप ठेवायचं ठरलं. पिंप रोज रिकामं कोण करणार यावर मात्र तीन बैठका झाल्या.

टेम्पो निघाल्याशिवाय कुणीही घरी जायचं नाही. पोती रिकामी झाली की धुऊन वाळत घाला. तीन महिन्यांनी त्याच वाटेवर तीच लागतील.