उडी वाढवायचीय? आधी उतरायला शिकवा

तासगाव तालुक्यातल्या पोरांना मी रोज सकाळी व्हॉलीबॉल शिकवतो. दर जूनमध्ये एखादा बाप पोराला घेऊन येतो आणि विचारतो, "सर, ह्याची उडी वाढंल का?" वाढते. पण पहिले तीन आठवडे मी त्याला फक्त उतरायला लावतो.

ही अक्कल मला पोराच्या गुडघ्याच्या किमतीत आली. सुरुवातीला मोबाइलवर डेप्थ जंप बघितली आणि कमरेइतक्या ओट्यावरून पोरांना खाली टाकून लगेच वर उसळायला लावलं. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्कींनी १९६० च्या दशकात हा प्रकार रुळवला तो तयार झालेल्या खेळाडूंसाठी, हे नंतर वाचलं. महिन्याभरात माझा स्मॅशर वाटीखालच्या हाडाला बोट लावू देईना. तेरा-चौदाच्या वयात हाड वाढीला लागलेलं असतं, आणि मांडीच्या स्नायूची सगळी ओढ तिथंच बसते. दीड महिना बाकावर बसला बिचारा.

आता शाळेची एक पायरी पुरते. पोरानं तिच्यावरून खाली यायचं, चवडा आधी, टाच मागून, गुडघे वाकवून, आणि दोन सेकंद तसंच थांबायचं. मी समोर उभा राहून गुडघेच बघतो. ते आत एकमेकांकडं वळले की परत पायरीवर. मोठ्या मुलींमध्ये हे जास्त दिसतं. बाकीच्यांना पाठ करून उभं करतो आणि आवाजावरून कोण चुकलं ते ओळखायला लावतो. 'धप्प' ऐकलं की सगळी एका सुरात ओरडतात, "परत!"

हे तालमीतल्या तांबड्या मातीत केलं तर सोसतं. पुढं उसळायचं काम सुरू झालं की मात्र ती माती नको, उसळी गिळते. दाबलेला मुरूम किंवा गवताचं मैदान बरं. काँक्रीट नकोच.

ह्या उसळीच्या व्यायामाला प्लायोमेट्रिक म्हणतात. ते म्हणजे काय, हे पोरांना करूनच दाखवा. बैठकीत खाली जाऊन दोन सेकंद थांब आणि उडी मार. आता न थांबता झटकन खाली जाऊन वर ये. दुसरी उडी बहुतेकांची उंच जाते, कारण ताणलेला स्नायू त्याच झटक्यात आखडला तर जोर जास्त देतो. मध्ये थांबलात की तो जोर वाया.

चौथ्या आठवड्यापासून मंगळवार आणि शुक्रवार, दोनच दिवस. दहा मिनिटं अंग गरम करायचं, मग दोरीवरच्या उड्या, जागेवर उंच उड्या, गुडघ्याखालच्या उंचीच्या पेटीवर उड्या. पाच झाल्या की मिनिटभर दम घ्यायचा. दमलेल्या पायानं मारलेली उडी हळू उडायचीच सवय लावते. सुरुवातीला एकूण ६० उड्या, पुढं फार तर १००, आणि त्यात ब्लॉक-स्मॅशच्या सरावातल्या उड्याही धरायच्या. हे कुणी धरत नाही. सामन्याच्या आठवड्यात सगळं बंद. वीस बैठका नीट न येणाऱ्याला पेटीही नाही.

स्मॅशची धाव वेगळी घोटून घ्या. उजव्या हाताचा असेल तर डावा, मग उजवा लांब, आणि डावा पटकन शेजारी. त्या लांब पावलाला दोन्ही हात मागं गेलेले हवेत. हात लोंबकळत ठेवणाऱ्याची उडी तिथंच कापली जाते.

मोजमाप सहा आठवड्यांनी, भिंतीवर, बोटाला खडू लावून. दोन रेघा घ्या, एक उभ्यानं हात वर करून, एक उडी मारून. मधलं अंतर ती उडी. गेल्या वर्षी एकाची वरची रेघ वर्षभरात ९ सेंटिमीटर चढली म्हणून बाप पेढे घेऊन आला. खालची रेघ बघितली तर तीही ५ नं चढलेली. उडी ४ ची, बाकी पोरगं वाढलेलं. पेढे मात्र आम्ही नवाचेच खाल्ले.