नाशिकच्या हवेत जुने फोटो आणि सहलींचे अल्बम टिकवायचे तर

घरातले जुने फोटो अल्बममधून काढायचे, लावायचे, नव्या डब्यात बंद करायचे हे सगळं काम नाशिकमध्ये दिवाळी ते होळी या काळात उरकावं. फोटोचा पृष्ठभाग म्हणजे जिलेटिनचा पातळ थर, आणि जिलेटिन हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. मग हा थर फुगतो, मऊ पडतो, शेजारच्या फोटोला नाहीतर फ्रेमच्या काचेला चिकटतो, आणि त्यावर बुरशी धरते. अशा दिवसांत फोटो प्लास्टिकच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं, तर पावसाळी हवाच आत कोंडली जाते. एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की कागद वळतो आणि जुना थर तडकतो. काहीशे रुपयांत मिळणारं छोटं डिजिटल हायग्रोमीटर खोलीत ठेवा. आर्द्रता ३५ ते ४५ टक्के दिसेल त्या दिवशी डबे बंद करा. जानेवारी-फेब्रुवारीत असे दिवस सहज सापडतात.

दिवाळीतलं काम: नावं

स्कॅनर नंतरही मिळेल, म्हणून पहिलं काम नावांचं. दिवाळीला घरातली मोठी माणसं एकत्र येतात, तेव्हा अल्बम बाहेर काढा. प्रत्येक समूहफोटोची ए-फोर कागदावर मोठी झेरॉक्स काढा, झेरॉक्सवर प्रत्येक डोक्याला क्रमांक द्या आणि खाली त्या क्रमांकासमोर पूर्ण नाव लिहा. मूळ फोटो हातोहात फिरवायची गरजच राहत नाही.

नाव लिहिताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. बाईचं माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही पूर्ण नावं लिहा. अनेक घरांत लग्नात पहिलं नावही बदलत असे, त्यामुळे १९५५च्या फोटोतली मुलगी आणि १९६५च्या फोटोतली सून एकच आहे हे पुढच्या पिढीला आपोआप कळणार नाही. दुसरं, ‘मोठी काकू’, ‘अक्का’, ‘बाळ’ एवढ्यावर थांबू नका. कोणाची काकू, ते नावासकट लिहा. ‘बाळ’ तर प्रत्येक घरात दोन-तीन असतात. माणूस आठवणी सांगायला लागला की फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि सुरुवातीला फोटोचा क्रमांक मोठ्याने बोला, म्हणजे आवाज आणि फोटो यांची जोडी तुटत नाही.

हाच क्रमांक मूळ फोटोच्या मागे लिहायचा. फोटो स्वच्छ, कडक पृष्ठभागावर पालथा ठेवून कडेला, २बी पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेन वापरू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई वर्षानुवर्षं पाझरत राहते. सत्तरच्या दशकानंतरच्या बहुतेक रंगीत फोटोंच्या कागदावर प्लास्टिकचा लेप असतो, त्यावर पेन्सिल उठत नाही. तिथे क्रमांक पाकिटावर लिहा, आणि पाकिटात फोटो घालण्याआधी लिहा.

साल कसं काढायचं

‘बहुतेक पासष्ट-सहासष्ट असेल’ एवढंच कळत असलं तरी फोटो स्वतः बरंच सांगतो. मागे स्टुडिओचा शिक्का असेल आणि त्यात ४२२ ने सुरू होणारा पिनकोड असेल, तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. फोटोत मागे दिसणाऱ्या एखाद्या पाटीवर ‘नाशिक महानगरपालिका’ असेल तर फोटो १९८२ किंवा नंतरचा. गाडीवर एमएच-१५ असेल तर १९८९च्या आधीचा नाही. रामकुंडावर साधूंची गर्दी, आखाड्यांचे ध्वज दिसत असतील तर सिंहस्थ जुळवून पाहा. १९९१, २००३, २०१५ अशी मागे मागे बारा वर्षांची साखळी आहे (कधी एखाद्या वर्षाने पुढेमागे). घरातल्या कोणाचं वय त्यात बसतं ते पाहिलं की साल नक्की होतं.

सव्वादोन इंची चौकोनी छोटा फोटो बहुधा १२० फिल्मच्या साध्या कॅमेऱ्याचा असतो. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये एका रोलला असे १२ फोटो निघत. त्यामुळे सप्तशृंगी गडाचे सहा आणि त्याच आकाराचे, तशाच कडांचे भंडारदऱ्याचे पाच फोटो एकाच रोलवरचे, म्हणजे थोड्याच महिन्यांच्या अंतराचे असू शकतात. निगेटिव्ह असेल तर तिच्या कडेचे क्रमांक पाहून हे ताडता येतं. नव्वदच्या दशकातल्या फोटोंच्या कोपऱ्यातली नारिंगी तारीख मात्र आंधळेपणाने मानू नका. बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्यातलं घड्याळ अनेकदा तसंच चुकीचं राही. अंदाजाने काढलेल्या सालापुढे ‘अंदाजे’ हा शब्द लिहाच.

अल्बममधून काढणं

काळ्या कागदाचे, कोपऱ्यांत फोटो अडकवलेले जुने अल्बम मोडू नका. त्यांची मांडणी हीच एक आठवण आहे. दोन पानांमध्ये ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) पातळ कागद सरकवला की पुरे.

खरा धोका सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बमांना, ज्यात फोटो ठेवून वरून पारदर्शक प्लास्टिक ओढलं जाई. त्या पानावरच्या गोंदाचे पट्टे पिवळे पडतात आणि फोटोत उतरतात, वरचं प्लास्टिक अनेकदा पीव्हीसीचं असतं आणि त्यातून निघणारे वायू रंग खातात. आधी प्रत्येक पानाचा जसाच्या तसा फोटो काढा, म्हणजे क्रम हरवणार नाही. मग प्लास्टिक उचला. फोटो सहज निघाला नाही तर मेण न लावलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या एका कोपऱ्याखाली घाला, दोन्ही टोकं धरा आणि करवत चालवल्यासारखा पुढेमागे करत हळूहळू पलीकडे न्या. फोटो वाकवायचा नाही, ओढायचा नाही. डिसेंबरच्या गार सकाळी गोंद कडक असतो, त्यामुळे तो जास्त स्वच्छ सुटतो. मे महिन्यात तोच गोंद ताणला जातो आणि फोटोच्या पाठीचा कागद फाडतो. हेअर ड्रायर लावू नका. एखादा फोटो अजिबात सुटत नसेल तर पान त्याच्याभोवती कापून तो पानासकट ठेवा.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढला की चेहऱ्याचा भाग काचेवर राहतो आणि परत येत नाही. मागचा पुठ्ठा आणि खिळे काढा, पण काच आणि फोटो एकत्रच राहू द्या. काचेच्या बाजूने स्कॅन करा, नाहीतर तिरप्या उजेडात काळं कापड समोर धरून प्रतिबिंब टाळत कॅमेऱ्याने घ्या. पुढच्या वेळी फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट बोर्डाची चौकट घालायला सांगा, म्हणजे दोघांत दोन मिलिमीटर हवा राहते. आणि भिंतीवर शक्यतो प्रत लावा, मूळ फोटो कपाटात.

बुरशी आलेला फोटो ओल्या फडक्याने पुसणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. बुरशीने जिलेटिन पचवलेलं असतं, ते पाण्यात विरघळतं आणि फडक्यासोबत चित्रच निघून येतं. फोटो कोरड्या हवेत दोन-तीन दिवस मोकळा ठेवा, बुरशी वाळून भुकटी झाली की एन-९५ मास्क लावून गच्चीत किंवा अंगणात, सावलीत, मऊ रुंद ब्रशने मधून कडेकडे झाडा.

स्कॅन

४ बाय ६ इंची फोटोला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरतात. त्यातून २४०० बाय ३६०० पिक्सेलची फाइल मिळते, टिफमध्ये साधारण २६ एमबी. म्हणजे हजार फोटोंना २६ जीबी. सव्वादोन इंची फोटो १२०० डीपीआयला घ्या. ३५ मिमी निगेटिव्ह आणि स्लाइडला २४०० ते ३२०० लागतात, आणि झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो. कृष्णधवल फोटोही २४ बिट रंगीतमध्येच स्कॅन करा. डागाचा पिवळा आणि चित्राचा करडा रंग वेगळे राहिले तरच पुढे डाग काढता येतो. स्कॅनरचं आपोआप रंग सुधारणं, टोकदार करणं, धूळ काढणं बंद ठेवा, सुधारणा नंतर प्रतीवर करा. मागे काही लिहिलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा.

लालसर झालेले रंगीत फोटो रांगेत सर्वांत पुढे घ्या. त्या काळच्या कागदांतला निळसर रंग अंधाऱ्या कपाटातसुद्धा विरत जातो, उष्णतेने आणि ओलीने अधिक वेगाने. जोवर तो थोडा शिल्लक आहे तोवर संगणकावर आकाश परत निळं करता येतं. पूर्ण गेल्यावर उरतो तो अंदाज.

ठेवायचं कुठे

पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात भाजतो, जुन्या वाड्याची बाहेरची भिंत पावसात ओल धरते. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, भिंतीपासून चार बोटं पुढे, मधला कप्पा, ही उत्तम जागा. फोटो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर या प्लास्टिकच्या पाकिटात, नाहीतर ॲसिड-फ्री कागदात घाला. उग्र वास येणारं, मऊ, चिकट लागणारं प्लास्टिक पीव्हीसीचं असण्याची शक्यता फार, ते टाळा. पाकिटं पॉलिप्रॉपिलीनच्या, रबरी कडेच्या झाकणाच्या डब्यात उभी लावा. २० लिटरच्या डब्याला कापडी पिशवीत ओल शोषणारं २०० ते ४०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. नारिंगी घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळ्या जेलमधला कोबाल्ट विषारी असतो, ते स्वयंपाकघरात नको. हायग्रोमीटर डब्यातच ठेवा आणि श्रावणात एकदा बघा. आकडा ५५च्या वर गेला असेल तर झाकण गळतंय.

डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि फोटोवर बसते. कडुनिंबाचा पालाही नको, तो ओल घेऊन येतो. कसर खळीसाठी आणि जिलेटिनसाठी येते. डबा घट्ट आणि कपाट कोरडं असेल तर तिला वाट मिळत नाही.

निगेटिव्हचा नियम वेगळा आहे. पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म कुजायला लागली आहे. त्यातून सुटणारं आम्ल बंद डब्यात साठून उरलेल्या फिल्मलाही ओढतं. अशा पट्ट्या लगेच वेगळ्या करा, प्लास्टिकमधून काढून कागदी पाकिटात, हवेशीर जागी ठेवा आणि त्याच आठवड्यात स्कॅन करून घ्या. वळलेली फिल्म स्कॅनरमध्ये बसणार नाही.

फाइली

फाइलच्या नावात साल आधी, मग ठिकाण, मग क्रमांक: १९७८-०५_सापुतारा_०४. आकडे एकाच लिपीत ठेवा, नाहीतर क्रम विस्कटतो. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क आणि एक क्लाउड, त्यातली एक डिस्क दुसऱ्या गावी, पुण्याला बहिणीकडे वगैरे. वर्षातून एकदा दोन्ही लावून काही फाइली उघडून पाहा. पेन ड्राइव्ह आणि सीडीवर एकमेव प्रत ठेवू नका. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल आक्रसते आणि पुढे तीच प्रत घराघरांत उरते.

गोदावरीला पूर आला तर

सराफ बाजार, भांडी बाजार, गोदाकाठ, पंचवटीचा खालचा भाग इथल्या घरांनी २००८, २०१६ आणि २०१९ पाहिलं आहे. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या (पुराची पातळी जिच्यावरून मोजतात त्या मूर्तीच्या) कमरेला पाणी लागल्याची बातमी आली की डबे वरच्या मजल्यावर. एवढ्यासाठीच सगळे फोटो उचलता येतील अशा लहान डब्यांत असावेत.

तरीही भिजले तर ४८ तासांत बुरशी सुरू होते, त्यामुळे घाई हवी, पण उन्हात वाळवण्याची नको. फ्रेममधले आधी काढा. काचेला लागून वाळले की कायमचे चिकटतात. गाळ लागलेले फोटो स्वच्छ, थंड पाण्याच्या परातीत बुडवून हलवा, पाणी बदला, चित्रावर बोट लावू नका. मग ब्लॉटिंग पेपरवर किंवा धुतलेल्या सुती कापडावर चित्र वर करून पसरा. पंखा खोलीत फिरू द्या, थेट फोटोंवर नको. निगेटिव्ह दोरीवर चिमट्याने कडेला धरून टांगा. एकमेकांना चिकटलेला गठ्ठा सोडवायला वेळ नसेल तर जितके सुटे होतील तितके बटर पेपर मध्ये घालून, पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये टाका. तिथे बुरशी थांबते आणि नंतर थोडे थोडे काढून, वितळू देऊन वाळवता येतात.

हाताने रंगवलेले जुने फोटो आणि घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात बुडवू नका. त्यांचे रंग वाहतात. ते आहेत तसेच, आडवे, सावलीत वाळवा.