डिग्री झाली, आता हायस्कूलवर शिकवायचंय? बीएडचं सगळं नीट समजून घ्या

निकाल लागले की ओळखीतली, गावातली पोरंपोरी विचारायला येतात, ताई बीएड करू का, कुठलं कॉलेज टाकू, आणि मग जरा आवाज खाली करून, नॉन अटेंडिंग, म्हणजे कॉलेजला न जाता बीएड, मिळेल का कुठं. मी स्वतः बीएस्सी मॅथ्स करून बीएड केलंय आणि आता हायस्कूलवर गणित शिकवते, त्यामुळे जे माहितीय ते सगळं एकदाच इथं लिहिते. नॉन अटेंडिंगवर जास्त लिहिणारे, कारण तिथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आधी तुमची डिग्री बघा. ओपनला ग्रॅज्युएशनला 50 टक्के लागतात, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना 45, इंजिनिअरिंगवाल्यांना 55. पण टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे डिग्रीचा विषय शाळेत शिकवला जातो का. बीएस्सी गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बॉटनी वगैरे असेल तर गणित-विज्ञान, बीए मराठी, हिंदी, इंग्रजी असेल तर भाषा, इतिहास भूगोल असेल तर सामाजिक शास्त्रं, इथपर्यंत सरळ आहे. बीकॉमवाल्यांनी मात्र थांबून विचार करा. बीएडला अ‍ॅडमिशन मिळतं हो, पण आपल्याकडे दहावीपर्यंत कॉमर्स हा विषयच नाही, तो अकरावी-बारावीला, आणि तिथं एमकॉम अधिक बीएड लागतं. म्हणजे बीकॉम नंतर नुसतं बीएड करून अर्धाच रस्ता होतो, हे दोन वर्षं गेल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. बीएडची मेथड, म्हणजे जो विषय शिकवायला शिकायचा तो, पण याच हिशोबाने घ्यायची, मैत्रिणीने इतिहास घेतला म्हणून आपण इतिहास असं करू नका, पुढं भरतीत डिग्रीचा विषय बघतात.

अजून एक, बीएड हे सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी. पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2023 मध्ये ते स्पष्ट केलंय, तिथं डीएड म्हणजे आताचं डीएलएडच लागतं. लहान मुलांनाच शिकवायचं असेल तर हा रस्ताच घेऊ नका.

मग सीईटी, म्हणजे बीएडची प्रवेश परीक्षा. राज्याचा सीईटी सेल घेतो, फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीला सुटतात, परीक्षा मार्च-एप्रिलच्या आसपास. शेवटच्या वर्षाला असाल तरी फॉर्म भरता येतो, अ‍ॅडमिशनच्या वेळी निकाल हातात पाहिजे एवढंच. 100 प्रश्न, 90 मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, 30 जनरल नॉलेज, 30 शिक्षक अभियोग्यता. दीड महिना रोज एक तास आणि शेवटी घड्याळ लावून दहा-बारा पेपर सोडवले तर क्लास लावायची गरज नाही. इंग्लिश मिडियमचं बीएड पाहिजे असेल तर इंग्रजीचा 50 प्रश्नांचा वेगळा पेपर असतो, तो फॉर्म भरतानाच टिक करा, नंतर सांगून उपयोग होत नाही.

सीईटीनंतर कॅप राउंड, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्या. नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, कास्ट व्हॅलिडिटी हे कागद एप्रिलमध्येच काढायला टाका, जूनमध्ये सेतू केंद्रावर काय गर्दी असते ती बघितलीय सगळ्यांनी. महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलचा, फॉर्म कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. मुलींना 2024-25 पासून कॅपमधून अ‍ॅडमिशन घेतलं आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलं तर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमध्ये ट्यूशन फी माफीची योजना आहे, कॉलेजच्या ऑफिसात जाऊन हे स्पष्ट विचारा, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

कॉलेज निवडताना एनसीटीईची, म्हणजे केंद्राच्या शिक्षक शिक्षण परिषदेची, मान्यता बघायची, आणि त्याहून जास्त म्हणजे सराव पाठाला कुठल्या शाळा मिळतात ते तिथल्या सेकंड इयरच्या पोरांना विचारायचं. बिल्डिंग बघून काही कळत नाही.

आता नॉन अटेंडिंग. फी भरा, घरी बसा, फायली आम्ही तयार करून देतो, परीक्षेला या, असं सांगणारे लोक भेटतात. मलाही भेटले होते, घरच्यांनाही पटलं होतं कारण गाडीभाडं वाचत होतं. नियमाने बघितलं तर एनसीटीईची अट वर्गात 80 टक्के आणि इंटर्नशिपला 90 टक्के हजेरीची आहे, म्हणजे ही गोष्ट मुळातच चुकीची. पण नियम बाजूला ठेवला तरी, बीएडमध्ये जे शिकायचं असतं ते पुस्तकात नाहीच ओ. 2015 पासून कोर्स एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला आणि त्यात शाळेतली इंटर्नशिप 20 आठवड्यांची आली, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. हे वीस आठवडे म्हणजेच बीएड.

सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. समोर आपलेच मित्र विद्यार्थी होऊन बसतात, सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, कधी फलक लेखन, कधी प्रश्न विचारणं, कधी सज्जता प्रवर्तन, म्हणजे पाठाआधी वर्गाला तयार करणं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं चुका ऐका, बारा मिनिटांत टाचण म्हणजे पाठाची लेखी आखणी बदला, परत सहा मिनिटं शिकवा, परत ऐका. पहिल्या आठवड्यात हे पोरखेळ वाटतं, पण फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय तिथंच मोडते. मग सेतुपाठ, म्हणजे ही सुटी कौशल्यं जोडून घेतलेला पाठ, मग खऱ्या वर्गात सराव पाठ.

माझा एक पाठ सांगते. सातवीचा वर्ग, पूर्णांक संख्यांचा गुणाकार. टाचण वही एकदम सुंदर, तक्ता रंगीत, सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं, आणि खिडकीजवळच्या एका मुलीने विचारलं, बाई, ऋण गुणिले ऋण धन का होतं? मी म्हणाले तसा नियम आहे, लक्षात ठेव, आणि पुढं गेले. मागच्या बाकावर आमच्या मेथडच्या मॅडम निरीक्षण वही घेऊन बसल्या होत्या. तास संपल्यावर वही हातात दिली, त्यात एकच ओळ होती, "मुलीने प्रश्न विचारला, उत्तर मिळाले नाही, उद्या हाच तास पुन्हा." त्या रात्री बसून शोधलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं, 3 गुणिले उणे 2 बरोबर उणे 6, 2 गुणिले उणे 2 बरोबर उणे 4, 1 गुणिले उणे 2 बरोबर उणे 2, 0 गुणिले उणे 2 बरोबर 0, आणि खडू थांबवून विचारलं, उत्तर दरवेळी कितीने वाढतंय? वर्ग म्हणाला दोनने. मग आता उणे 1 गुणिले उणे 2 किती? त्याच मुलीने बसल्या जागेवरून सांगितलं, दोन, म्हणजे धन. मी आजही सातवीला हा तास असाच घेते. घरी बसून फाईल विकत घेतली असती तर आजही मी नियम आहे म्हणूनच सांगत असते.

म्हणून इंटर्नशिपला चांगल्या शिक्षकांचे तास मागे बसून बघा, पेपर तपासायला मागून घ्या, पालक सभेला थांबा, हजेरीपत्रक कसं भरतात ते क्लार्कना विचारा. कुणी आपणहून शिकवणार नाही, मागे लागावं लागतं.

बीएड चालू असतानाच पुढच्या परीक्षांचं सुरू करा. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते, पेपर दोन सहावी ते आठवीचा, 150 प्रश्न, अडीच तास, पास व्हायला 60 टक्के आणि राखीवला 55. नववी-दहावीच्या पदाला आपल्याकडे टीईटी मागत नाहीत, पण सहावी ते आठवीला लागते, आणि पास असाल तर दोन्हीकडची दारं उघडी राहतात. केंद्राची सीटीईटी शिकत असतानाच देता येते, सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं, केंद्रीय विद्यालय नाहीतर नवोदयला जायचं असेल तर ती लागतेच.

आणि खरी भरती टेटवर होते. टीईटी आणि टेट एकच समजू नका, दरवर्षी कुणीतरी यात फसतं. टीईटी म्हणजे पात्रता, टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, 200 प्रश्न 120 मिनिटांत, आणि त्याच्या मार्कांवर पवित्र या राज्याच्या शिक्षक भरती पोर्टलवर निवड. ही परीक्षा दरवर्षी नसते, 2017 ला झाली, मग थेट 2023, मग 2025. त्यामुळे जाहिरात आली की अभ्यास सुरू करू असं म्हणणारे मागे पडतात, बुद्धिमत्तेचा सराव सीईटीपासून बंदच करू नका. पवित्रवर स्वप्रमाणपत्र, म्हणजे आपली माहिती आपणच खरी म्हणून देतो तो फॉर्म, भरताना डिग्रीचा विषय, जातीचा प्रवर्ग, माध्यम हे अजून कुणाला तरी सोबत घेऊन तपासा, आणि प्राधान्यक्रम घाईने शेवटच्या रात्री भरू नका.

सिलेक्शन झालं की पहिली 3 वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला महिना 18,000 मानधन, आधी ते 8,000 होतं, 2023 पासून वाढलं. त्यानंतर वेतनश्रेणी.

पोर्टलची वाट बघताना खाजगी शाळेत शिकवा, अनुभव कामाला येतो. पण लवकरच अनुदान येणारे असं सांगून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी शेत विकून एका संस्थेला पैसे दिले, सहा वर्षं झाली, शाळेला अनुदान नाही, तिला पगार नाही आणि शेतही गेलं. अनुदानित म्हणून कुणी जागा दाखवली तर आधी संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर पदांचा सरकारी कागद, बघायला मागा, ते पद त्यात मंजूर आहे का, बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाप्रमाणे पदांच्या यादीत, तुमच्या प्रवर्गाला बसतं का ते बघा. नेमणूक झाली की ऑर्डर, हजर झाल्याचा रिपोर्ट, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी म्हणजे सरकारी पगार प्रणालीतला नंबर, या चार गोष्टींच्या मागे स्वतः लागा, आणि प्रत्येक कागदाची सही-शिक्क्याची एक प्रत घरी ठेवा, शाळेच्या कपाटाच्या भरवशावर राहू नका.