मुलांना व्हिएतनामी लोकसंगीताची गोडी कशी लावावी

पहिल्याच दिवशी मुलाला मोबाइल देऊन 'ऐक' म्हणू नका. दोन मिनिटांत ते कंटाळेल. सुरुवात अंगणात किंवा गच्चीवर, खेळातून करा.

व्हिएतनामच्या बडबडगाण्यांना 'डोंग झाव' म्हणतात. ओळी बहुधा चार अक्षरांच्या, त्यामुळे ठेका पायांनाच सापडतो. 'झुंग झांग झुंग झे' या गाण्यात मुलं हात धरून, झुलवत चालतात आणि शेवटाला सगळी एकदम खाली बसतात. त्यापुढचा खेळ ढगात चढणाऱ्या नागोबाचा. एकमेकांची कंबर धरून रांग करायची, समोर एक जण वैद्य. "वैद्यबुवा घरात आहेत का?" असे सवालजवाब चालतात आणि मग वैद्य शेपटीच्या मुलाला पकडायला धावतो. चार-पाच मुलं असली तरी पुरे.

अर्थ मराठीत सांगा, ओळी मात्र मूळ भाषेतच म्हणा, अगदी रेकॉर्डिंग ऐकून, तशाच सुरात. त्याला कारण आहे. उत्तर व्हिएतनामच्या बोलीत प्रत्येक अक्षराला सहांपैकी एक सूर असतो. 'मा' कसा उच्चारला त्यावर ते भूत, 'पण', थडगं किंवा भाताचं रोप ठरतं. गाण्याची चाल या सुरांना धरूनच जाते. सूर चढला की हात वर, उतरला की खाली, असं करायला लावा. मुलं ते चटकन उचलतात.

मग वाद्यं. मला स्वतःला इथे सगळ्यात जास्त मजा येते. 'चोंग कम' म्हणजे भाताचा ढोल. शिजवलेला भात मळून त्याच्या पुडीवर थापतात आणि सूर जुळवतात. आपल्या पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, तसंच! जवळपास भजनी मंडळ असेल तर मुलाला पखवाजियाकडे न्या. कणीक वाढवली की आवाज खाली उतरतो, हे त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू द्या.

'दान बाऊ' हे तंतुवाद्य मात्र आधी डोळे मिटून ऐकवा आणि तारा किती असतील ते विचारा. मग व्हिडिओ दाखवा. तार एकच! उजव्या हाताने छेडतानाच तळहाताची कड तारेला हलकेच टेकवतात, डाव्या हाताने लवचिक दांडी वाकवून सूर ओढतात.

'क्वान हो' सगळ्यात शेवटी ऐकवा, घाई नको. बाक निन्ह भागातली ही गाणी २००९ पासून युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहेत. दोन बायका गातात, दोन पुरुष त्याच चालीत वेगळ्या शब्दांनी उत्तर देतात. जोडीतले दोन आवाज एक वाटले पाहिजेत. घरातही दोघादोघांच्या जोड्या करून एखादी ओळ आलटूनपालटून गाऊन बघा.

कधी हनोईला गेलात, तर जलबाहुल्यांचा, म्हणजे पाण्यावर नाचवायच्या बाहुल्यांचा, खेळ चुकवू नका. वादक कडेला बसलेले असतात. त्यांच्यात दान बाऊ कुठे दिसतो, ते मुलांना शोधू द्या.