बाबांची जनता पुन्हा चालू झाली
बाबांचं एचएमटी जनता मनगटी घड्याळ, चावीचं, १७ ज्वेलचं (म्हणजे आत झीज कमी करणारे १७ बारीक खडे). पूर्ण चावी भरली तरी दोन तासांत बंद पडायचं. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानात म्हणाले, "मशीन काढून सेलवालं टाकून देतो." मी घड्याळ उचललं नि निघालो. बाबांनी रोज सकाळी चावी दिलेलं मशीन कसं फेकू?

इतवारीच्या एका गल्लीत म्हातारे घड्याळजी सापडले. मी एवढंच विचारलं, "काका, साफ करताना नुसतं पेट्रोलात बुडवता की पुरजे सुटे करता?" त्यांनी डोळ्याला भिंग लावून माझ्यासमोरच झाकण उघडलं. तेल वाळून तपकिरी, चिकट झालेलं. सगळं सुटं करून धुतलं, सुईच्या टोकानं नवं तेल घातलं. मग आडवं-उभं ठेवून वेळ बघायला चार दिवस मागितले. ते मला फार आवडलं.

आज सकाळी चावी मीच दिली.